स्वतःच्या घराचं भाडं

त्या सकाळी थोरलीला मिळण्यासारखं होतं ते एवढं : नवऱ्याचं ऑपरेशन, फुकट. एरवी त्याला अठरा हजार पडत होते. बदल्यात तिनं द्यायची होती दहा-बारा प्रश्नांची खरी उत्तरं. एवढा स्वस्त सौदा त्या गावात कुणाच्या वाट्याला आला नव्हता. अडचण एकच होती. सरकारी मोजणीबाई दारात उभी राहिली तेव्हा शहरातून भेटीला आलेली धाकटी जाऊ ओट्यावर चहा पीत बसलेली होती. आणि धाकटीच्या देखत खरं बोलणं थोरलीला अठरा हजारांहून महाग पडत आलं होतं.

थोरली आणि थोरला वीटभट्टीवर विटा पाडत. चिखल मळायचा, गोळा साच्यात आपटायचा, वरचा तासून घ्यायचा, साचा उलटा करून वीट रांगेत सोडायची. जोडीनं दिवसाला आठशे विटा. हजार विटांना सहाशे रुपये मिळत. भट्टी सात महिने चाले, पाच महिने बंद. त्यात खाणारी तोंडं तीन : दोघं आणि एक लेक. अठरा वर्षं हे चाललं होतं, आणि अठराव्या वर्षी थोरल्याच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली. चिखलाची पाटी उचलली की गाठ फुगे. मग तो आडवा पडून तळहातानं ती हळूहळू आत ढकलायचा, जसा कुणी रागावलेल्या माणसाला समजावून घरात नेतो. सायकलच्या ट्यूबचा त्यानं एक पट्टा करून घेतला होता. तो बांधून काम करायचा आणि घाम आला की पट्टा कातडीला चिकटायचा.

"कापून शिवावं लागेल," डॉक्टर म्हणाला होता. "एक दिवस ही आत जाणार नाही. तेव्हा तासांचा हिशेब असतो."

धाकटा दीर दहा वर्षांपूर्वी शहरात गेला. तिथे तो एका गोदामाचा टेम्पो चालवायचा, आणि धाकटी एका भाड्याच्या खोलीत बसून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. दोघांचे मिळून महिन्याला अठरा हजार. थोरल्याच्या घरी वर्षाची सरासरी काढली तर सात हजार दोनशे. हे आकडे थोरलीला कुणी सांगितले नव्हते. तिनं ते काढले होते. धाकटीच्या चपलांवरून, डब्यांच्या झाकणांवरून, तेल ओतताना तिचा हात किती सैल सुटतो त्यावरून.

आणि मुख्य म्हणजे फ्रीजवरून. चार वर्षांपूर्वी धाकटीनं लाल रंगाचा फ्रीज घेतला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा थोरली म्हणाली, "बरा आहे. जागा फार अडवतो." मग धाकटी नळावर गेल्याचं बघून तिनं दार उघडलं आणि आतल्या वरच्या कप्प्यात हात घातला. बर्फाच्या भिंतीला बोटं लावून ती तशीच उभी राहिली, बोटं बधिर होईपर्यंत. परत आल्यावर चार वर्षं तो गारवा तिला आठवत होता.

थोरलीकडे धाकटीपेक्षा वरचढ अशी एकच गोष्ट होती : घर. दोन खोल्या, पुढे ओटा. भट्टीवरच्या वेड्यावाकड्या, करपलेल्या विटा मुकादम फुकट टाकून द्यायचा. त्या तिनं रोज संध्याकाळी डोक्यावरून चार-चार आणून, सहा वर्षांत हे घर उभं केलं होतं. एकेक वीट तिच्या हातची. काही विटांवर तिच्या बोटांचे ठसेसुद्धा होते. पत्र्याचा एक कोपरा गळायचा, तेवढं सोडून घरात खोट नव्हती. धाकटी दहा वर्षं भाड्याच्या एका खोलीत राहत होती. थोरली मनाचा तोल सावरायची ती या एका गोष्टीवर.

तर मोजणीबाई आली. वयानं लहान, पाठीला पिशवी, हातात छापील कागदांचा गठ्ठा. धाकटी उठून म्हणाली, "बसा बाई, तुमच्यातलीच एक आमच्याकडेही गेल्या महिन्यात येऊन गेली."

थोरलीला ते आवडलं नाही. प्रत्येक गोष्ट हिच्याकडे आधी येऊन जाते.

"यावरूनच फुकट ऑपरेशनचं कार्ड ठरणार ना?" थोरल्यानं विचारलं. तो पट्टा सैल करून भिंतीला टेकून बसला होता.

"मी फक्त मोजते, काका. ठरवणारे वर. किती माणसं घरात?"

"तीन."

"कमाई?"

थोरलीनं विटांचा हिशेब सांगितला. इथे ती पै-पैशाला खरी होती. मुकादमाची वही कधीही उघडून बघता आली असती. बाईनं लिहून घेतलं : महिन्याला सात हजार दोनशे. धाकटी खाली बघत चहाच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. थोरलीच्या मानेवर घाम आला. आपला आकडा आपल्याच तोंडून, हिच्या पुढ्यात.

मग बाईनं भाव विचारायला सुरुवात केली. साखर काय भावानं, तेल काय भावानं, डझनभर अंडी, साबणाची वडी, तालुक्याला जायचं भाडं.

"केस कापायला किती घेतात इथे?"

"तीस," थोरला म्हणाला.

"आमच्याकडे शंभर," धाकटी म्हणाली.

"आणि कापतात तेवढेच?" बाईनं विचारलं.

"तेवढेच," थोरला म्हणाला. "डोकं तेच, केस तेच. आरसा मोठा असेल."

बाई हसली. "म्हणूनच भाव विचारतो आम्ही. नुसते पैसे मोजले तर फसगत होते. इथे सत्तरात जे येतं त्याला शहरात शंभर लागतात. मग तुमचे सत्तर आम्ही शंभर धरतो. सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं."

थोरली एकदम ताठ बसली. "म्हणजे तिचे शंभर म्हणजे आमचे सत्तरच?"

"हिशेबाला तसंच."

"बघ गं," थोरली धाकटीला म्हणाली. "सरकारनं काढलंय हे. मी नाही म्हणत."

"मी तरी काय म्हणतेय, जाऊबाई? तिथे पाण्याचा टँकरसुद्धा विकत घ्यावा लागतो."

थोरलीनं ते ऐकलंच नाही. दहा वर्षं ती जे मनातल्या मनात घोकत होती ते कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसानं, कागद मांडीवर ठेवून, मोठ्यानं म्हटलं होतं. हिचे अठरा म्हणजे काही अठरा नव्हेत. तिच्या अंगात एक हलकेपणा आला, चढ संपल्यावर डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखा.

पुढची उत्तरं ती हौसेनं देऊ लागली. घरचं काय काय येतं? कोंबड्यांची अंडी येतात. शेळीचं दूध येतं. परसातली भाजी येते. विकत घेतलं असतं तर किती पडलं असतं? बाईनं हिशेब केला : नऊशे. थोरलीनं मान डोलावली, वर म्हणाली, "आणि अंडी मोठी असतात आमची. विकतच्यासारखी नाहीत."

"घर स्वतःचं?"

"स्वतःचं." ती भिंतीकडे वळली आणि तिनं भिंतीवर थाप मारली. "एकेक वीट माझ्या हातची."

"समजा हे तुमचं नसतं. भाड्यानं घेऊन राहावं लागलं असतं, तर महिन्याला किती द्यावे लागले असते?"

थोरल्याला हसू आलं आणि हसताना दुखलं, म्हणून त्यानं पोट धरलं. "इथे भाड्यानं राहतंय कोण, बाई?"

"अंदाज सांगा. लिहावं लागतं."

गावात भाड्यानं राहणारा एकच माणूस होता, शाळामास्तर. त्याची खोली एवढ्याच मापाची, आणि भाडं पाचशे. हे थोरलीला ठाऊक होतं. मास्तरची खोली शेणानं कुणी सारवली आणि कितीला, हेही तिला ठाऊक होतं. पण धाकटी समोर बसली होती, आणि भाडं या एका विषयात धाकटीचा हात आजवर कायम खाली होता. शिवाय हे भाडं कुणी द्यायचं नव्हतं की घ्यायचं नव्हतं. आकडा कितीही सांगितला तरी खिशातून काय जाणार?

"दोन हजार," ती म्हणाली.

थोरल्याला ठसका लागला. धाकटीनं कप खाली ठेवला आणि चटईवरून पाय लांब करून थोरलीचा पाय दाबला.

थोरलीनं पाय काढून घेतला.

"जाऊबाई," धाकटी हळू आवाजात म्हणाली, "दोन हजार कोण देतंय इथे? पावसात तो कोपरा गळतो की नाही?"

झालं. बाहेरची बाई बसलेली असताना, थोरलीच्या ओट्यावर बसून, थोरलीचा चहा पिऊन, हिनं थोरलीचं छप्पर काढलं होतं. थोरलीच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं.

"गळतो? तुझ्या घरमालकाचं घर गळत असेल," ती म्हणाली. "बाई, तीन हजार लिहा. शहरात एवढ्या जागेला दहा मोजतात, मी माहिती काढली आहे. तीन लिहा, आणि खाली माझा अंगठा घ्या."

मोजणीबाईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तिनं तीन हजार लिहिले. तिला अजून अकरा घरं करायची होती.

बाई गेल्यावर धाकटीनं कपातला गार चहा संपवला. मग म्हणाली, "ते कमाईत धरतात, जाऊबाई. न दिलेलं भाडंसुद्धा. आमच्या चाळीत सगळ्यांनी सांगितलं होतं मला. म्हणून पाय दाबला."

"माझ्याच घरात राहण्याची मला कमाई? वेडी झालीस का?"

"मलाही कळत नाही ते. पण धरतात."

"तुला एवढंच खुपतंय की माझं घर तीन हजारांचं निघालं."

धाकटीनं कप विसळून उपडा घातला, पिशवी उचलली, आणि दुपारच्या गाडीची वाट न बघता सकाळच्याच गाडीनं गेली. जाताना थोरल्याला म्हणाली, "भाऊजी, पाटी उचलू नका." थोरलीला काहीच म्हणाली नाही. ते थोरलीनं दोन दिवस मोजलं.

दीड महिन्यानं भट्टी सुरू झाली. थोरला उकिडवा बसून साचे टाकायचा आणि चिखलाच्या पाट्या थोरली वाहायची. आठशेच्या सहाशे झाल्या. मुकादम येऊन रांगा मोजायचा, थोरल्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "काय राव, यंदा बाईमाणसाच्या जिवावर?" थोरला साच्याची कड तासत राहायचा. त्याच्या मानेची शीर तेवढी हलायची.

तालुक्याच्या कचेरीत चिठ्ठ्या आल्याचं कळलं तेव्हा थोरली अर्धा दिवस बुडवून गेली. खिडकीतल्या कारकुनानं नाव विचारून चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर एकच आकडा ठळक होता : ५२८६.

"हे काय?"

"माणशी महिन्याची मिळकत. शहराच्या भावानं."

तिनं व्हरांड्यात येऊन धाकटीला फोन लावला. ओट्यावरच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच.

"चिठ्ठी आली का गं तुझी?"

"आली कालच."

"किती?"

"चार हजार पाचशे."

थोरली गप्प राहिली. ही गप्प राहण्यातली मजा होती, आणि ती तिला पुरवून पुरवून घ्यायची होती. समोर कचेरीच्या अंगणात एक कुत्रं मोटारसायकलच्या सावलीला झोपलं होतं. त्या कुत्र्याचंही भलं व्हावं असं तिला वाटलं.

"माझे बावन्नशे शहाऐंशी," ती म्हणाली.

पलीकडे इस्त्री आपटून ठेवल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "अरे देवा."

"देवाचं काय त्यात? कष्ट आहेत. सातशे शहाऐंशीनं जास्त. तुझ्यापेक्षा. माणशी."

"जाऊबाई, पाच हजारांवर रेघ आहे. कार्ड रेघेच्या खाली मिळतं."

थोरलीनं फोन कानापासून काढून त्याच्याकडे पाहिलं. मग ती परत खिडकीशी गेली. रांगेत तिच्यापुढे चौघं होती. त्या चौघांच्या पाठी बघत तिला पाऊण तास उभं राहावं लागलं, आणि त्या पाऊण तासात तिचा सगळा हलकेपणा पायांतून जमिनीत उतरला.

"साहेब, हा आकडा चुकलाय."

कारकुनानं यादी उघडली. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं बोट लावून वाचून दाखवलं. "कमाई सात हजार दोनशे. घरचं नऊशे. घराचं भाडं तीन हजार. अकरा हजार शंभर, भागिले तीन माणसं. तीन हजार सातशे. गावचे सात म्हणजे शहराचे दहा, म्हणून पाच हजार दोनशे शहाऐंशी. बरोबर आहे की."

"भाडं येत नाही आम्हाला. राहतो आम्ही तिथे."

"मग वाचतं ना भाडं? वाचलं ते मिळालं."

"दोन हजार असते तर?"

त्यानं कोपऱ्यात आकडेमोड केली. "चार हजार आठशे दहा. रेघेखाली बसला असतात तुम्ही." मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं तो कोपरा पेन्सिलीनं खोडला, जणू ते बघणं तिला त्रासाचं होईल.

"मी खोटं सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

मागच्या रांगेनं माना पुढे काढल्या.

"लिहून द्याल?"

"देते."

"मग सगळाच फॉर्म खोटा धरावा लागेल, ताई. नाव कायमचं बाद. त्यापेक्षा थांबा. दोन वर्षांनी परत मोजणी आहे. तेव्हा खरं सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "तीन हजारांचं घर कुठलं गं बाई? आम्हाला दाखव तरी." लोक हसले. थोरलीनं चिठ्ठीची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, आणि तिची सुपारीएवढी गोळी मुठीत धरून ती बाहेर पडली.

थोरल्याला तिनं सांगितलं तेव्हा तो पट्टा सोडून आडवा पडला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग छताकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी श्रीमंत आहे."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला."

"नाही, विचारतोय. श्रीमंत माणसानं उद्या पाट्या उचलाव्यात की नाही?"

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठून भांडी घासायला बसली आणि एकच पातेलं घासत राहिली.

एक महिना गेला. मग एका सकाळी दहाच्या सुमारास, दोन रांगा टाकून झाल्यावर, थोरला साच्यावर वाकलेला तसाच कुशीवर पडला. थोरलीला आधी वाटलं, घसरला. जवळ जाऊन बघते तो गाठ मुठीएवढी, दगडासारखी घट्ट, वरची कातडी तांबडी-निळी. त्यानं हातानं ढकलून पाहिलं आणि ओरडला. अठरा वर्षांत तिनं त्याचं ओरडणं ऐकलं नव्हतं. मग त्याला उलटी झाली, ताज्या विटांवर. मुकादमानं विटांचा ट्रक रिकामा करवला, खाली पोतं अंथरलं, आणि दोन तासांत ते शहरातल्या दवाखान्यात होते. ट्रकमध्ये रस्ताभर थोरलीनं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिच्या हातांना चिखल होता, तो वाळून त्याच्या केसांत पडत होता.

खिडकीतल्या बाईनं सांगितलं, "अठरा हजार. भरले की लगेच आत घेतात. कार्ड आहे?"

"नाही."

"मग भरा."

थोरलीकडे मुकादमानं दिलेली सहा हजारांची उचल होती. विटांतून कापून घेणार होता तो. ती नोटा मोजून खिडकीत ठेवत म्हणाली, "बाई, आमच्याकडे सातात जे होतं त्याला तुम्ही दहा म्हणता. सरकारनं लिहून दिलंय. मग इथेही आमचे सात दहा धरा ना."

खिडकीतल्या बाईला काही कळलं नाही. "इथे दहाचे दहाच असतात," ती म्हणाली. "राहिले बारा हजार."

धाकटा टेम्पो तसाच रस्त्यात उभा करून धावत आला. त्याच्या हातात स्वतःचं कार्ड होतं, चार नावांचं. "वहिनी, तोंड तर सारखंच आहे आमचं. दादाला माझ्या नावानं आत नेऊ." पण खिडकीत बोटाचा ठसा लागत होता. थोरल्याचा ठसा धाकट्याशी जुळणार नव्हताच, आणि त्यातून थोरल्याच्या बोटांवर अठरा वर्षांच्या चिखलानं रेषाच ठेवल्या नव्हत्या. यंत्रानं तीनदा नकार दिला. धाकटा यंत्राला शिव्या देत राहिला.

त्यात धाकटी आली. इस्त्री करता करता उठून आली होती. बाहीवर पाणी शिंपडलेलं होतं. तिनं थोरलीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, विचारलं, "किती राहिले?"

"बारा."

"तासभर द्या," ती खिडकीतल्या बाईला म्हणाली, आणि गेली.

थोरलीनं गावी शेजारणीला फोन करून शेळी विकायला सांगितली. शेळी तीन हजारांना गेली, आणि शेजारणीच्या मुलानं पैसे मोबाइलवर धाकट्याला पाठवले. तेवढ्यात धाकटी परत आली, नऊ हजार घेऊन. पावती फाडली गेली, आणि थोरल्याला ढकलत आत नेलं. दार मिटलं.

दोघी जावा बाकावर बसल्या. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"कुठून आणलेस?" थोरलीनं विचारलं.

"होते."

"कुठून?"

"तो फ्रीज काढून टाकला. कोपऱ्यावरचा दुकानदार कधीचा मागत होता." धाकटी बाहीवरचं पाणी झटकत राहिली, कधीच वाळलेलं. "विजेचं बिल फार खात होता. आणि जागा अडवायचा. तुम्हीच म्हणाला होतात."

थोरली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. धाकटी खोटं बोलत होती हे तिला कळत होतं. स्वतःची वस्तू कमी किमतीची सांगायलाही माणसाला खोटं बोलता येतं, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. आणि त्या क्षणी, नवरा आत कापला जात असताना, तिच्या मनात कृतज्ञता यायला हवी होती. आलीही असेल. पण तिच्या आधी जे आलं ते ओळखीचं होतं. हिला देता आलं. हिनं न मागता दिलं, तासाभरात, आणि वर म्हणते जागा अडवायचा. आता जन्मभर ही वरच्या पायरीवर.

थोरल्याचं आतडं वाचलं. डॉक्टर म्हणाला, आणखी दोन तास गेले असते तर कापून काढावं लागलं असतं. आठ दिवस दोघं धाकटीच्या खोलीतच राहिली. फ्रीजच्या जागी भिंतीवर एक उभा चौकोन होता, बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. पाणी प्यायला मडकं आलं होतं. धाकटीची पोरं अधूनमधून त्या चौकोनाला पाठ टेकून उंची मोजायची. थोरलीला त्या चौकोनाकडे बघवत नव्हतं, आणि बघायला दुसरं काही नव्हतं. धाकटी काही टाकून बोलली असती, एक शब्द, तरी थोरलीनं तिला उभं चिरलं असतं. पण धाकटी बोलली नाही. ती इस्त्री करायची आणि भाऊजींना पातळ काहीतरी करून द्यायची.

एवढ्या दिवसांत थोरलीला एक नवीच गोष्ट कळली. धाकटीच्या नव्या चपला दारात दिसल्या आणि सवयीनं तिच्या मनानं भाव काढायला सुरुवात केली. पण भाव निघेना. उपकाराखाली असलेल्या माणसाला जळतासुद्धा येत नाही. तोही हक्क जातो.

गावी आल्यावर तिनं भट्टीवर एकटीनं साचा धरला. थोरल्याला दोन महिने वाकायचं नव्हतं. तो ओट्यावर बसून लेकीच्या हातून कोंबड्यांना दाणे टाकवायचा. एकटीच्या दिवसाला पाचशे व्हायच्या. तीनशे पोटाच्या, दोनशे फेडीच्या, असे तिनं वाटे घातले. हजार विटा फेडीत पडल्या की ती घराच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची. चिखल मळून तिच्या टाचा फाटल्या, साचा आपटून उजवं मनगट सुजलं. तिनं त्यावर थोरल्याचा जुना ट्यूबचा पट्टा गुंडाळला. मुकादम म्हणाला, "आता बाईमाणूसच राव झालं." ती म्हणाली, "रांगा मोजा."

दहा रेघा झाल्या तेव्हा मुकादमाची उचल फिटली.

"झालं," थोरला म्हणाला. "आता जरा दमानं घे."

तिनं त्याच भिंतीवर, जरा बाजूला, नवी ओळ सुरू केली.

"ही कसली?"

"पंधरा आहेत या."

त्यानं हिशेब केला. नऊ हजार, हजाराला सहाशे. "धाकटीनं मागितलेत?"

"मागितले असते तर दिलेच नसते मी."

शेवटची रेघ पडली तेव्हा भट्टी बंद व्हायला आठवडा राहिला होता. थोरली शहरात गेली, आणि नव्वद नोटा धाकटीच्या इस्त्रीच्या फळीवर ठेवल्या.

"हे काय, जाऊबाई? राहू दे. जुना होता तो. त्याचे पाचसुद्धा आले नसते."

"नऊ आले होते."

"मग निम्मे ठेवा."

"नऊ," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की धाकटीनं इस्त्री उभी केली आणि नोटा मोजल्या. मुद्दाम, एकेक करून, बोटाला थुंकी लावून. तिलाही कळलं असावं की न मोजता घेतल्या तर ती आणखी एक पायरी वर चढेल.

सुट्टीत धाकटी पोरांना घेऊन महिनाभर राहायला आली. पहिल्याच दिवशी पोरं ओट्यावरून उड्या मारायला लागली आणि धाकटी पिशव्या आत ठेवत म्हणाली, "महिनाभर राहणार आहोत. भाडं किती, जाऊबाई?"

थोरला हसला नाही. धाकटीच्याही लक्षात आलं की जीभ घसरली.

थोरली परातीत तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढून बाहेर टाकला.

"पाचशे," ती म्हणाली. "पावसात कोपरा गळतो."

मग दोघीही हसल्या, आणि धाकटी हसता हसता म्हणाली, "अहो, सांगायचं राहिलं. नवा घेतला. म्हणजे जुनाच, पण आधीच्यापेक्षा मोठा. दोन दारांचा. खालचं वेगळं, वरचं वेगळं."

"रंग?"

"निळा."

"निळा बरा नाही दिसत," थोरली म्हणाली आणि तांदळात बोटं फिरवत राहिली. मनगट अजून दुखत होतं. पण छातीत कुठेतरी ती जुनी, ओळखीची ठिणगी पडली होती, आणि यावेळी तिच्यावर पाणी टाकायला कुणाचा उपकार मध्ये नव्हता. "दोन दारांचा म्हणजे वीज दुप्पट खाणार. बघ हो. मला काय."

सरकारचं यात काही गेलं नाही. दवाखान्याला अठराचे अठरा मिळाले. मुकादमाची उचल दहा हजार विटांत वसूल झाली, आणि धाकटीला फ्रीज परत मिळाला, वर एक दार जास्त. थोरल्यानं दोन महिने दिले, आणि शेळी गेली ती गेलीच. बाकीचं सगळं थोरलीनं भरलं. पंचवीस हजार विटा. त्यातल्या पंधरा हजार पुन्हा मनासारखं जळता यावं म्हणून.